स्तनाचा कर्करोग : इलाज आणि इलाजानंतरचे जिणे

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावरून दरवर्षी शिष्यवृत्त्या, दहावीनंतरचे अभ्यासक्रम, मुलींचे शिक्षण अशा विषयांवर भाषणे होतात. यंदा मी माझा विषय चिटणीससाहेबांना सांगितला तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, "सर, शब्द जरा सांभाळून वापरा." मी शब्द सांभाळून वापरीन, परंतु टाळणार नाही. माता-भगिनींसमोर बोलताना मलाही संकोच वाटतो आहे. तरीही या आजाराच्या बाबतीत संकोचापायी जेवढे नुकसान होते तेवढे क्वचितच दुसऱ्या कशाने होत असेल. मी डॉक्टर नाही, बी.ए., बी.एड. झालेला शिक्षक आहे. तेव्हा औषधे सांगण्याचा मला अधिकार नाही. मात्र या आजारावर जे संशोधन झाले त्याची हकीकत सांगण्याचा अधिकार शिक्षकाला आहे असे मी समजतो.

आज भारतातील स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत स्तनाच्या कर्करोगाचा क्रमांक पहिला आहे. २०२२ सालच्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार त्या एका वर्षात आपल्या देशात सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्ण स्त्रिया आढळल्या आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया या रोगाने दगावल्या. हा रोग पुरुषांनाही होतो, पण फारच क्वचित. आपल्याकडे तो तुलनेने कमी वयात, म्हणजे घरात मुले शिकत असतानाच, पुष्कळ जणींना गाठतो.

शिक्षण संस्थेच्या मेळाव्यात हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आमच्या हजेरीपटात आहे. आठवी-नववीतील हुशार मुलगी एकाएकी आठवड्यातून तीन दिवस गैरहजर राहू लागते. विचारले तर खाली मान घालून सांगते, "अम्मीचं ऑपरेशन झालं आहे, तिला हाताने काही उचलायचं नाही." मग पाणी भरणे, कपडे धुणे, धाकट्या भावंडांना आंघोळ घालणे ही सगळी कामे त्या मुलीकडे येतात. वर्ष-दोन वर्षे असे चालले की तिचे दप्तर कायमचे खुंटीला लागते. आईचा इलाज होतो, ती वाचतेही, परंतु त्यानंतर ती कशी जगते याचा विचार कोणी करीत नाही, आणि त्याची किंमत लेकीने चुकवायची. "हाताने काही उचलायचं नाही" हे वाक्य कृपया ध्यानात ठेवावे. त्याच्यावर मी पुढे विस्ताराने बोलणार आहे.

या रोगाचा इतिहास जुना आहे. कुर्तुब्याचे थोर शल्यवैद्य अबुल कासिम अल-जहरावी यांचे नाव आपल्यापैकी काहींनी ऐकले असेल. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी त्यांनी लिहून ठेवले की कर्करोग लहान आणि नवा असेल, स्तनासारख्या जागी असेल आणि पुरा काढता येत असेल, तर काढावा. तो वाढून मोठा झाला असेल तर त्याला हात लावू नये. असा वाढलेला कर्करोग मी स्वतः बरा करू शकलो नाही आणि दुसऱ्या कोणी बरा केल्याचेही पाहिले नाही, अशी कबुलीही त्यांनी दिली आहे. आपल्या पूर्वजांचा अभिमान आपण भाषणांतून पुष्कळ बाळगतो. या माणसाचा प्रामाणिकपणा मला त्याच्या शस्त्रांइतकाच मोठा वाटतो. आणि "लहान असताना या" हा त्याचा सल्ला आजही जुना झालेला नाही.

पुढे भूल देण्याची व जंतुनाशनाची विद्या आली आणि शल्यवैद्यांचे हात मोकळे झाले. अमेरिकेत विल्यम हॉल्स्टेड नावाच्या सर्जनने १८८२ पासून एक मोठी शस्त्रक्रिया सुरू केली व १८९४ साली तिचा अहवाल प्रसिद्ध केला. तीत संपूर्ण स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या सगळ्या लसिका ग्रंथी काढून टाकीत. त्यामागचा विचार असा, की रोग एका जागेपासून शेजारच्या जागेत पायरीपायरीने पसरतो, तेव्हा जितके जास्त कापाल तितके चांगले. विचार दिसायला सरळ होता आणि शस्त्रक्रिया करणारा हातही कुशल होता. साहजिकच जवळजवळ ऐंशी वर्षे जगभर हीच शस्त्रक्रिया चालली. त्या काळी तिने पुष्कळ फायदा झाला, कारण रोग त्या जागी पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण कमी झाले. पण छाती खोलगट होई, बरगड्या दिसत, हात खांद्याच्या वर जात नसे आणि सुजून जड होई. बाई वाचली ना, मग तिने तक्रार कशाला करावी, असा एकूण रिवाज होता.

दुसरा रिवाज त्याहून कठोर होता. अमेरिकेत १९७० च्या दशकापर्यंत स्तनात गाठ असलेल्या स्त्रीला भूल देत, गाठीचा तुकडा लगेच तपासत आणि कर्करोग निघाला तर ती बेशुद्ध असतानाच स्तन काढून टाकीत. भुलीतून शुद्धीवर आल्यावर छातीवरची पट्टी चाचपून तिने आपले काय झाले ते ओळखायचे. १९७४ साली रोझ कुशनर नावाच्या पत्रकार बाईंना गाठ आढळली. त्यांनी म्हटले, आधी फक्त तपासणी करा, मला सांगा, मग मी ठरवीन. कित्येक सर्जनांनी या अटीवर त्यांना हात लावायला नकार दिला. शेवटी एक जण तयार झाला. या बाईंनी नंतर एवढा अभ्यास केला आणि एवढे लिहिले की १९७९ साली सरकारी आरोग्य संस्थेने या विषयावर तज्ज्ञांची बैठक बोलावली तेव्हा डॉक्टरांच्या पंक्तीला त्यांनाही बसवावे लागले. तपासणी वेगळी व शस्त्रक्रिया वेगळी असावी असे त्या बैठकीत ठरले. वाचनाची सवय असलेली एक स्त्री काय करू शकते, हे आमच्या नववी-दहावीच्या मुलींनी पाहून ठेवावे.

त्याच सुमारास खरे शास्त्रीय काम दोन ठिकाणी चालू होते. इटलीत मिलान शहरात उंबेर्तो व्हेरोनेसी आणि अमेरिकेत पिट्सबर्गचे बर्नार्ड फिशर. फिशर यांचा संशय असा, की कर्करोगाच्या पेशी रक्तावाटे आधीच दूर गेलेल्या असू शकतात. तसे असेल तर छाती कितीही कापली तरी जास्त फायदा होणार नाही, आणि तशा नसतील तर एवढे कापण्याची गरजच नाही. हे खरे की खोटे, हे वाद घालून ठरणार नव्हते. त्यासाठी शेकडो स्त्रियांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन-तीन गटांत वाटणी करायची, प्रत्येक गटाला वेगळा इलाज द्यायचा आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. बीजगणितात आपण बाकी सगळे सारखे ठेवून एकच अक्षर बदलतो, तसाच हा प्रकार आहे. फिशर यांना सुरुवातीला सहकारी सर्जनांकडून रुग्ण मिळेनात. लहान शस्त्रक्रिया करणे म्हणजे बाईच्या जिवाशी खेळणे असे पुष्कळांना प्रामाणिकपणे वाटत होते.

मिलानमध्ये १९७३ ते १९८० या काळात ७०१ स्त्रियांनी भाग घेतला. त्यांची गाठ दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी नव्हती. निम्म्या जणींवर हॉल्स्टेडची मोठी शस्त्रक्रिया झाली. निम्म्या जणींचा स्तनाचा फक्त रोग असलेला भाग काढून उरलेल्या भागाला किरणोपचार दिले गेले. फिशर यांची अशीच चाचणी १९७६ साली सुरू झाली, तीत अठराशेहून अधिक स्त्रिया होत्या. दोन्ही चाचण्यांचे वीस वर्षांचे निकाल २००२ साली एकाच दिवशी प्रसिद्ध झाले. संपूर्ण स्तन काढलेल्या आणि स्तन राखलेल्या स्त्रियांच्या आयुष्यमानात फरक नव्हता. मात्र एक अट होती. फिशर यांच्या चाचणीत नुसती गाठ काढून किरणोपचार न दिलेल्या गटात शंभरापैकी ३९ जणींच्या त्याच स्तनात रोग पुन्हा उद्भवला. किरणोपचार दिलेल्या गटात हे प्रमाण १४ होते. म्हणून स्तन राखायचा तर किरणोपचार चुकवून चालत नाही. गाठ मोठी असेल, एकाहून अधिक जागी असेल किंवा किरणोपचार देणे शक्य नसेल, तर आजही संपूर्ण स्तन काढावा लागतो, आणि तसे करावे लागले म्हणजे काही अन्याय झाला असे नव्हे. पण "ऑपरेशन म्हणजे सगळे जाणारच" या भीतीने ज्या भगिनी गाठ लपवून ठेवतात, त्यांना हे वीस वर्षांचे निकाल कोणीतरी सांगायला हवेत. गाठ जितकी लहान असताना त्या येतील तितके जास्त राखता येईल. लपवल्यामुळेच ते जाते.

आता त्या हाताकडे येतो.

काखेत लसिका ग्रंथी असतात. हातातला लसिकाद्रव त्यांच्यातून वाहत परत रक्तात जातो. रोग पसरू लागला की बहुधा आधी त्या ग्रंथींत शिरतो, म्हणून त्या काढून तपासतात. पण सगळ्या काढल्या की गटाराचे तोंड बुजावे तसे होते आणि काही जणींच्या हाताला सूज येते. सगळ्या ग्रंथी काढलेल्या स्त्रियांत सुमारे पाचांपैकी एकीला ही सूज येते. ती वर्षभराने येईल, कधी त्याहून उशिराही येईल. बांगड्या चढत नाहीत, कुर्त्याची बाही बसत नाही, रात्री हात कुठे ठेवावा कळत नाही. पुढे शास्त्रज्ञांनी अशी युक्ती काढली की निळा रंग किंवा किंचित किरणोत्सर्गी द्रव टोचून, पहिला निचरा ज्या एक-दोन ग्रंथींत होतो त्या ओळखायच्या व तेवढ्याच काढायच्या. त्या स्वच्छ निघाल्या तर बाकीच्यांना हात लावायचा नाही. असे केल्यास सुजेचे प्रमाण शंभरात पाच-सहावर येते. ही सोय सर्वत्र नसते, पण आहे का, हे विचारायला पैसे पडत नाहीत.

ज्यांना सूज आली किंवा येण्याची भीती आहे, त्यांना वर्षानुवर्षे एकच सल्ला मिळत आला : त्या हाताने जड काही उचलू नका, जपा. सल्ला प्रेमाचा होता. पण तो कोणी तपासून पाहिला होता काय? नव्हता. १९९६ साली कॅनडातील व्हँकुव्हर शहरात डॉन मॅकेन्झी नावाच्या क्रीडावैद्यांनी स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या २४ स्त्रिया निवडल्या, त्यांना आधी व्यायामशाळेत तयार केले आणि मग लांबलचक नावेत बसवून वल्ही मारायला लावली. वल्ही मारणे म्हणजे हात आणि छाती यांचे सर्वांत कष्टाचे काम. जुन्या समजुतीप्रमाणे त्या सगळ्यांचे हात सुजायला हवे होते. एकीलाही नवी सूज आली नाही. हंगाम संपला तरी त्या बायकांनी नाव सोडली नाही, आणि आज अनेक देशांत अशा स्त्रियांची वल्हवणारी पथके आहेत. आमच्या कोकणातल्या मंडळींना वल्ह्याची मेहनत काय असते ते मी सांगायला नको.

चोवीस बायकांवरून शास्त्र ठरत नाही. म्हणून पुढे अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया विद्यापीठात कॅथरीन श्मिट्झ यांनी रीतसर चाचणी केली. तिचा निकाल २००९ साली प्रसिद्ध झाला. हाताला आधीच सूज असलेल्या १४१ स्त्रियांची दोन गटांत वाटणी केली. एका गटाने आठवड्यातून दोनदा, हाताला दाबपट्ट्याची बाही घालून, अगदी थोड्या वजनापासून सुरुवात करीत वर्षभर वजने उचलली. दुसऱ्या गटाने आपला नेहमीचा क्रम चालू ठेवला. वर्षाअखेर वजने उचलणाऱ्यांची सूज वाढली नाही. उलट सुजेचा त्रास एकाएकी उफाळण्याचे प्रमाण त्यांच्यात शंभरात १४ आणि दुसऱ्या गटात २९ होते. हातात बळही आले. पुढच्या वर्षी त्याच संशोधकांनी सूज नसलेल्या, पण येण्याचा धोका असलेल्या १५४ स्त्रियांवरचा निकाल दिला. तिथेही वजन उचलल्याने सूज वाढल्याचे दिसले नाही.

याचा अर्थ ऑपरेशन झालेल्या आईच्या हाती दुसऱ्या दिवशी हंडा द्यावा असा कोणी घेऊ नये. या चाचण्यांत सगळे काम हळूहळू वाढवत आणि जाणकाराच्या देखरेखीखाली झाले. शस्त्रक्रियेनंतर हाताचे व्यायाम दाखवून देतात, ते रोज करावेत. खांदा आखडू देऊ नये. पुढे फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने वजन वाढवत न्यावे. हात लाल झाला, गरम झाला, ताप आला, तर डॉक्टरांकडे त्याच दिवशी जावे. हे सांभाळले तर त्या बाईला जन्मभर पांगळी समजण्याचे कारण नाही. पीठ मळणे, कपडे पिळणे, बादली उचलणे ही कामे ती आपल्या सवडीने पुन्हा करू शकते. आणि तोवर घरातल्या पुरुषांनी बादली उचलली तर त्यांच्या हाताला सूज येत नाही, याचीही नोंद घ्यावी. तिच्या आजारात मुलीचीच शाळा का बुडावी, मुलाची का नाही, हा प्रश्न मी पालकांसमोर ठेवतो.

इलाजानंतरच्या या सगळ्या बाबींना इंग्रजीत 'क्वालिटी ऑफ लाइफ' म्हणतात. मराठीत कोणी 'जीवनमान' लिहितात, पण त्या शब्दाने पगार आणि घरभाडे डोळ्यांसमोर येते. मी साधा 'जिणे' हा शब्द वापरतो. जिणे मोजायचे कसे? वजनकाट्यावर ते येत नाही. युरोपातील संशोधकांनी त्यासाठी १९९३ साली तीस प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली आणि १९९६ साली स्तनाच्या कर्करोगासाठी आणखी तेवीस प्रश्न जोडले. जड पिशवी उचलताना त्रास होतो का, झोप लागते का, थकवा किती, हाताला सूज आहे का, केस गेल्याने वाईट वाटले का, स्वतःच्या शरीराकडे पाहवते का, पुढच्या प्रकृतीची काळजी वाटते का, असे हे प्रश्न आहेत. उत्तर डॉक्टरांनी नव्हे, बाईने स्वतः द्यायचे : मुळीच नाही, थोडे, बरेच, फार. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉक्टरांनी या प्रश्नावल्या मराठीत व हिंदीत करून आपल्या स्त्री रुग्णांवर त्या नीट लागू पडतात का हे तपासले आणि २००५ साली त्याचा अहवाल दिला. इतक्या साध्या प्रश्नांना शास्त्रात जागा मिळायला हॉल्स्टेडच्या अहवालानंतर जवळपास शंभर वर्षे लागली. आपल्या घरात त्यांना जागा मिळाली आहे काय? आजारी बाईला आपण "औषध घेतलंस का" असे विचारतो. "झोप लागते का, भीती वाटते का" असे कितीजण विचारतात?

भीतीचे एक कारण आपल्या समाजात उघडपणे बोलले जात नाही, ते मी बोलतो. आईला कर्करोग आहे हे कळले तर मुलीचे स्थळ मोडेल. म्हणून आजार लपवला जातो, शेजारच्या गावाला लग्नाला जातो असे सांगून इस्पितळात जातात आणि केस गळाले की बाई घराबाहेर पडत नाही. याबाबत दोन गोष्टी स्पष्ट आहेत. हा रोग संसर्गजन्य नाही. तिची ताट-वाटी वेगळी ठेवणे, तिने भरवले तर मुलाला जेवू न देणे हे अज्ञान आहे, आणि आजाऱ्याच्या मनाला ते सुरीसारखे लागते. दुसरे, आईकडून मुलीकडे येणाऱ्या जनुकीय दोषामुळे होणारे रोगी शंभरात पाच ते दहाच असतात. एकाच कुटुंबात अनेक जणींना किंवा फार लहान वयात हा रोग झाला असेल तर डॉक्टरांशी त्याबद्दल जरूर बोलावे. बाकी सरसकट साऱ्या लेकींवर शिक्का मारण्याला शास्त्राचा आधार नाही. जे स्थळ एवढ्यावरून मोडते ते मोडलेले बरे, असे माझे मत आहे, पण ते मत मी येथे कोणावर लादत नाही.

रमजानचाही प्रश्न येतो. पुष्कळ जणींना शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षे, काहींना दहा वर्षे, टॅमॉक्सिफेनसारखी गोळी रोज घ्यावी लागते. ज्यांचा रोग संप्रेरकांवर पोसलेला असतो त्यांच्यात पाच वर्षे गोळी घेतल्याने या रोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित हिशोबात २०११ साली दिसले. टॅमॉक्सिफेन दिवसातून एकदा घेता येते, तेव्हा तिची वेळ इफ्तारनंतर ठेवता येईल का हे डॉक्टरांना विचारावे. आपल्या मनाने महिनाभर बंद करू नये. आणि केमोथेरपी चालू असेल तर आजाऱ्याला रोजाची सवलत दिलेली आहे, ती घेण्यात कमीपणा नाही.

इलाज सोपा करण्याचे संशोधनही चालू आहे, ते थोडक्यात सांगतो. किरणोपचार पूर्वी रोज याप्रमाणे पाच आठवडे चालत. बाहेरगावच्या कुटुंबाने मुंबईत पाच आठवडे राहायचे म्हणजे खोलीचे भाडे, बुडालेली मजुरी आणि मुलांची आबाळ. ब्रिटनमधील चाचण्यांनी दाखवले की योग्य रुग्णांत तीन आठवडे पुरतात. २०२० साली तर ४,०९६ रुग्णांच्या चाचणीत एका आठवड्यातले पाच डोस तीन आठवड्यांच्या तोडीचे ठरले. आपल्या देशातले उदाहरण त्याहून नवलाचे आहे. टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे व त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातील ११ केंद्रांत सुमारे १,६०० स्त्रियांवर चाचणी केली. दात काढताना बधिरतेसाठी टोचतात तेच लिग्नोकेन, शस्त्रक्रियेच्या काही मिनिटे आधी गाठीभोवती टोचले. पाच वर्षांनी ते दिलेल्या गटात शंभरात ९०.१ आणि न दिलेल्या गटात ८६.४ स्त्रिया जिवंत होत्या. हे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. औषध अगदी स्वस्त आहे. तरुण स्त्रियांसाठीही एक दिलासा आहे. मूल हवे म्हणून हार्मोनची गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली दोन वर्षांपर्यंत थांबवलेल्या ५१६ स्त्रियांत, सुरुवातीच्या काही वर्षांत तरी, रोग उलटण्याचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. हेही २०२३ सालचेच.

पण या सगळ्याचा लाभ वेळेवर येणारीला. आणि येथे परद्याचा प्रश्न पुढे केला जातो. मुंबईत १९९८ साली सुरू झालेल्या एका मोठ्या चाचणीची माहिती यासाठी उपयोगी आहे. झोपडवस्त्यांतील ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजारांहून अधिक स्त्रिया त्यात होत्या. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षण दिलेल्या स्त्री आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, चार वेळा, हाताने स्तन तपासले. यंत्र नाही, क्ष-किरण नाही. वीस वर्षांचा निकाल २०२१ साली आला. रोग पुढच्या पायरीवर गेल्यावर सापडण्याचे प्रमाण तपासणी झालेल्यांत शंभरात ३७ आणि इतरांत ४७ होते. पन्नास व त्यापुढील वयाच्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मृत्यूंमध्ये तसा फरक आढळला नाही, हेही सांगितले पाहिजे. मुद्दा असा, की तपासणारी स्त्री होती आणि तपासायला दोन हात पुरले. स्त्री डॉक्टर मिळत असेल तर तिच्याकडेच जावे. मिळत नसेल तर गरजेच्या वेळी पुरुष डॉक्टरांकडून इलाज करून घेण्याची मुभा आहे, असे उलेमा सांगतात. ज्यांना शंका असेल त्यांनी आपल्या इमामसाहेबांना विचारावे, मात्र विचारण्यात सहा महिने घालवू नयेत.

गाठ बहुधा दुखत नाही, आणि हीच तिची फसवणूक आहे. नवी गाठ, काखेतली गाठ, त्वचेला पडलेली खळी, आत ओढले गेलेले बोंड, त्यातून येणारे रक्त, यांपैकी काही दिसले तर दाखवावे. दाखवलेल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतातच. सुई लावली की रोग पसरतो, हाही निराधार समज आहे.

सौदी अरबस्तानात जेद्दा येथील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. सामिया अल-अमूदी यांना २००६ साली हा रोग झाला. त्या देशात या रोगाचे नाव घेणेही टाळत असत. त्यांनी आपल्या नावानिशी, आपल्या आजाराविषयी वर्तमानपत्रात लिहायला सुरुवात केली. परद्याच्या देशात एक मुसलमान स्त्री हे करू शकली, आणि त्यामुळे कोणाच्या इभ्रतीला धक्का लागला नाही. आमच्या गावात आपण एकमेकांच्या घरी निदान "कशी आहेस" एवढे तरी खऱ्या अर्थाने विचारू शकू.

खर्चाबाबत एवढेच, की महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील अनेक उपचार समाविष्ट आहेत. रेशनकार्ड, आधारकार्ड आणि तपासण्यांचे सर्व कागद एका फायलीत लावून ठेवावेत. दहावीच्या मुलांना फाईल लावणे चांगले जमते, हे मी खात्रीने सांगतो.

माझा वेळ संपत आला आहे. चिटणीससाहेबांनी आज एका स्त्री डॉक्टरांना मुद्दाम बोलावले आहे. या कार्यक्रमानंतर त्या शेजारच्या सातवी 'ब'च्या वर्गात दीड तास बसणार आहेत. ज्या भगिनींना काही विचारायचे किंवा दाखवायचे असेल त्यांनी तेथे जावे. दारावर आमच्या शिक्षिका उभ्या राहतील, नाव लिहून घेतले जाणार नाही. पुरुष पालकांचा चहा वरच्या मजल्यावर ठेवला आहे, त्यांनी कृपया जिना मागच्या बाजूचा वापरावा. खुदा हाफिज.